दोन सूत जास्त

आत्यांचं माप चुकतं, ही गोष्ट वरच्या वस्तीला माहीत होती आणि खालच्या वस्तीलाही. दोन्ही वस्त्यांचं एकमत व्हावं अशा गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या, त्यातली ही एक. नेहमी नव्हे, पण वर्षातून पाच-सहा वेळा हमखास. आत्या काच घेऊन येणार, चौकटीला लावून बघणार, आणि काच एवढीशी मोठी निघणार. मग त्या कपाळाला हात लावणार, "मेले डोळे," म्हणणार, आणि तासभर तिथेच बसून काचेची कड कुरतडत राहणार. लोक हसायचे. तरी काच आत्यांकडूनच घ्यायचे, कारण दुसऱ्या कुणाची काच वरून खाली किंवा खालून वर अख्खी पोचत नव्हती.

दोन वस्त्यांच्या मध्ये एक रुंद रस्ता होता. चढावर एक वस्ती, उतारावर दुसरी. दोघींचे बसथांबे शंभर पावलांवर पण वेगळे, शाळा वेगळ्या, दवाखान्यातली बसायची बाकंसुद्धा वेगळी, आणि ती तशी कधी कुणी ठरवली नव्हती. भांडण कशावरून सुरू झालं हे विचारलं, की प्रत्येक जण आपल्या आजोबांपासून सुरुवात करायचा आणि अर्ध्यात अडखळायचा. दिवस कलला की दोन्हीकडची पोरं रस्त्याच्या दोन कडांना जमायची. आधी शिव्या, मग दगड. मोठी माणसं खिडक्या लावून घ्यायची आणि "आजकालची पोरं" म्हणून उसासे टाकायची, जणू ही स्वतः जन्मली तीच चाळिशीत.

आत्यांचं दुकान याच रस्त्यावर, वरच्या कडेला, घराच्या पुढच्या खोलीत होतं. लग्नानंतर काही वर्षांत नवरा तापाने गेला. त्याचा काचेचा धंदा होता. त्याची हत्यारांची पेटी घेऊन त्या माहेरी आल्या, तेव्हा घरात होता फक्त एक धाकटा भाऊ, शाळेत जाणारा. त्याला त्यांनी वाढवलं, आणि दुकान मांडलं. बाईमाणूस आणि काच, महिनाभर टिकणार नाही, असं लोक म्हणाले. आता दुकानाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या, आणि तसं म्हणणाऱ्यांच्या खिडक्या त्यांनीच तीन-तीनदा बसवून झाल्या होत्या.

त्यांच्या भावजयीला गल्लीत सगळे वहिनी म्हणत. चोवीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिला नणंद अजिबात आवडली नव्हती. हातभर चिरा पडलेले हात, तोंडात दोन शब्दांपुढे तिसरा नाही, आणि घरभर काच. पिठात काचेचा कण तर नसेल ना, या भीतीने वहिनीने पहिलं वर्ष पीठ तीनदा चाळलं. पुढे तिच्याकडे मापांची वही आली, कारण आत्यांचं अक्षर आत्यांनाच लागत नसे. दोन्ही वस्त्यांतली प्रत्येक खिडकी त्या वहीत होती. दूधवाला, मागची, उजवी झडप. बाळंतपणाचा दवाखाना, जिन्यावरची. वहिनी खालच्या वस्तीत कधी पाऊल टाकत नसे, पण तिथल्या कुठल्या घरात उजेड कुठून येतो हे तिला पाठ होतं. आणि नणंदेचं माप चुकलं की घरात तिची थट्टा करायचा पहिला मान वहिनीचाच होता.

वहिनीचा नवरा बसवर ड्रायव्हर. गरीब माणूस, एका भुवईवर जुनी खूण, सायकलवरून पडलो म्हणायचा. त्याचं एकच खूळ होतं. ड्युटीचा गणवेश शिवून घ्यायला तो खालच्या वस्तीतल्या टेलरकडे जायचा. "वर काय टेलरांचा दुष्काळ पडलाय?" असं वहिनीने शंभरदा विचारलं असेल. तो म्हणायचा, "त्याच्या हाताची पॅन्ट बसते बरी." यापुढे त्याच्या तोंडून काही निघत नसे.

त्यांना एकच मुलगा. जन्मला तेव्हा अगदी एवढासा होता म्हणून टिल्लू नाव पडलं, आणि आता दारातून वाकून जायचा. एकोणीस वर्षांचा. दोन वर्षांत तो तीन ठिकाणी कामाला विचारून आला होता. एका गोदामात, एका कुरिअरवाल्याकडे, एका हॉस्पिटलात. अर्ज घेणारा आधी गोड बोलायचा, मग पत्त्याच्या ओळीवर त्याचं बोट थांबायचं, आणि "कळवतो" व्हायचं. खालच्या वस्तीतल्या पोरांनाही नेमका हाच अनुभव यायचा, पण ते एकमेकांना सांगणार कोण? टिल्लू घरात बोलेनासा झाला. काय झालं विचारलं की "काही नाही." जेवलास का? "काही नाही." कोपऱ्यावरच्या कठड्यावर मात्र त्याच्यासाठी पोरं जागा धरून ठेवायची. जिथे आपली वाट बघतात तिथे माणूस जातोच. वहिनीला हे कळत होतं आणि कळून काही करता येत नव्हतं, म्हणून ती त्याच्यावर ओरडायची.

एका मंगळवारी संध्याकाळी दगडफेक झाली आणि खालच्या टेलरची पुढची मोठी काच फुटली. टेलर आत कापड बेतत बसला होता. काच त्याच्या उजव्या हातावर आली. नऊ टाके पडले, दोन बोटं महिनाभर हलवायची नाहीत असं डॉक्टरने सांगितलं. टेलरचा उजवा हात म्हणजे त्या घराची चूल. टेलरचा थोरला मुलगा खालच्या पोरांचा म्होरक्या. पळताना दगड मारणाऱ्याची एक चप्पल रस्त्यात पडली होती. अकरा नंबरची, अंगठ्याला तारेने सांधलेली. खालच्या पोरांनी ती आपल्या कोपऱ्यावर विजेच्या तारेला टांगली आणि निरोप धाडला, ज्याची असेल त्याने येऊन न्यावी.

अकरा नंबरचे पाय वरच्या वस्तीत एकाचेच होते. तार बापाने लावली होती. वहिनीने दाराशी उरलेली एक चप्पल पाहिली. रात्रभर तिने एकच हिशेब केला, टिल्लूला मामाकडे कसा पाठवायचा.

पण सकाळी आत्या त्याच्या उशाशी उभ्या होत्या. "उठ. काच न्यायचीय. टेलरची."

टिल्लू भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी नाही येत."

"चार फुटी आहे. मला एकटीला उचलत नाही."

"वन्सं, त्याला मारतील तिथे," वहिनी म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे सगळं. दुसऱ्या कुणाला न्या."

"फोडणाऱ्याने दुसरी कड धरायची. माझ्या दुकानाचा नियम आहे. आज घरातलं आहे म्हणून बदलू?"

आणि मग वहिनीच्या तोंडून ते गेलं. "तुमचं स्वतःचं पोर असतं तर नेलं असतंत?"

आत्यांनी हिरा, म्हणजे काच कापायची कलम, रॉकेलच्या वाटीत बुडवली, पुसली. "मला पोर होतंच की," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा. विचार त्याला."

नवरा दारात गणवेशाची बटणं लावत होता आणि त्याला ती लागत नव्हती. वहिनी आशेने त्याच्याकडे वळली. तो म्हणाला, "ताई म्हणतेय तर जाऊ दे त्याला." एवढं बोलून तो ड्युटीवर निघून गेला. माणसाला काळीज आहे की नाही, असं वहिनीला वाटलं, आणि तिने ते त्याच्या पाठीला ऐकवलंही.

आत्या काच कापायला वाकल्या. वही उघडी होती. टेलर, पुढची, अठ्ठेचाळीस बाय बेचाळीस. वहिनीच्याच अक्षरात. आत्यांनी पट्टी बेचाळीसवर ठेवली, आणि मग हलक्या हाताने जराशी पुढे सरकवली. दोन सूत, म्हणजे पाव इंच.

"वन्सं, बेचाळीस," वहिनी म्हणाली.

"दिसतंय मला."

"पट्टी पुढे गेलीय."

"तू तुझं बघ." हिरा करकरत काचेवरून गेला.

वहिनीला रडू फुटायचंच बाकी होतं. बाकीच्या दिवशी माप चुकलं तर हसून सोडायचं. आज चुकलं तर पोराला त्या घरात तासभर बसावं लागणार. पण आत्यांनी काच उभी केली होती, टिल्लूच्या तळव्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दिले होते, आणि वहिनीकडे वळून त्या म्हणाल्या होत्या, "यायचंच असेल तर पिशवी घे. रडायचं असेल तर इथेच थांब." वहिनीने पिशवी घेतली.

काच नेहमी उभी न्यायची असते. पुढे एक, मागे एक, आणि दोघांचा पाय एकाच वेळी उचलला गेला पाहिजे, नाहीतर काच कंप धरते. पुढे टिल्लू होता. मागून आत्या पुटपुटत होत्या, डावा, उजवा, डावा. वहिनी दहा पावलं मागे. मधला रस्ता ओलांडला आणि उतार लागला. चोवीस वर्षांत ती पहिल्यांदा इथे चालत होती आणि प्रत्येक खिडकी ओळखीची निघत होती. कोपऱ्यावर चप्पल लटकत होती. तिच्याखाली आठ-दहा पोरं उभी होती, आणि त्यांच्या मुठी काही रिकाम्या नव्हत्या. टिल्लूचा चेहरा तिला दिसत नव्हता. मानेवरून घाम ओघळताना तेवढा दिसत होता. त्याचे दोन्ही हात काचेला बांधलेले. पळता येत नाही, वाकता येत नाही, हात उगारता येत नाही. एवढा उघडा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो तिचा मुलगा होता.

"बाजूला व्हा रे," आत्या मागून म्हणाल्या. आवाजात धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. काच येतेय, एवढंच.

आणि पोरं बाजूला झाली. एकाने तर दुसऱ्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढलं. भाजीची गाडी कडेला गेली, दारातल्या बाईने लेकरू उचललं, एक स्कूटरवाला इंजिन बंद करून उभा राहिला. अख्ख्या उतारावर काचेपुढे वाट होत गेली. अठ्ठावीस वर्षं ही बाई रोज असंच चालत आली होती आणि आपण घरात बसून पीठ चाळत होतो, असं वहिनीच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

टेलर दारातच होता, हात गळ्यात बांधलेला. मागे त्याची बायको, आणि थोरला मुलगा, दंडाने टिल्लूच्या दुप्पट. काच चौकटीला लावली. अर्थात बसेना.

"मेले डोळे," आत्या म्हणाल्या. बाहेर जमलेल्यांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आत्या, चष्मा बदला." आत्या म्हणाल्या, "तू देतोस का आणून?" आणि खाली बसल्या.

"या टेबलावर ठेवा की," टेलरची बायको म्हणाली.

"टेबल वाकडं आहे. काच तडकेल."

टेलरचं टेबल. ज्यावर तो वीस वर्षं कापड बेतत होता, जे त्या अख्ख्या उतारावर सगळ्यात सपाट असणार. वहिनीने टेबलाकडे पाहिलं, मग नणंदेकडे. पहिल्यांदा तिला काहीतरी शंका आली.

आत्यांनी जमिनीवर जाड कापडाची घडी ठेवली, तिच्यावर काच उभी केली, कापायची कड वर. "एक जण या बाजूला, एक त्या बाजूला. गुडघ्यावर बसा. तळवे टेकवा. टेलरचा हात कामाचा नाही, तू ये." हे थोरल्याला. तो हलला नाही. टेलर हळूच म्हणाला, "धर. वेळ लागेल."

दोघं समोरासमोर बसले. मध्ये फक्त काच, तळव्यांना तळवे. थोरल्याने मुद्दाम जोर लावला. काच टिल्लूकडे झुकली. टिल्लूचे दंड थरथरले, त्याने परत रेटली. आत्या पक्कड शोधत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "फुटली तर दोघांच्या पोटात जाईल. सारखं दाबा." दोघांच्या आया एकाच वेळी पुढे सरकल्या आणि एकाच वेळी थांबल्या.

दोन सूत कापणं हे सगळ्यात जिकिरीचं काम. चार बोटं कापायची असती तर हिरा फिरवून एका झटक्यात तुकडा निघतो. दोन सुतांची चीर पकडीने कणाकणाने मोडावी लागते. कट. कट. आणि आत्यांना कसलीही घाई नव्हती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. दोघांच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, पुन्हा निवळायची. दुसरीकडे बघायची सोय नव्हती. मान वळवली की तोल जायचा. एक माशी येऊन थोरल्याच्या नाकावर बसली. त्याने नाक उडवलं, ओठ वाकडा केला, फुंकर मारली. माशी ढिम्म. टिल्लूच्या गालाचा स्नायू उडाला.

"हसू नकोस," थोरला म्हणाला.

"नाही हसत. कानाकडे चाललीय."

"दिसतंय का तुला?"

"हो. आता गेली."

कट. कट. बऱ्याच वेळाने थोरला म्हणाला, "चप्पल तुझी?"

"हो."

"दगड तूच मारलास?"

पक्कड थांबली. या पोराने तिला आठ महिन्यांत "काही नाही"शिवाय उत्तर दिलं नव्हतं. टिल्लूची नजर थोरल्याच्या खांद्यावरून मागे गेली, टेलरच्या बांधलेल्या हाताकडे, आणि पुन्हा समोर आली.

"हो," तो म्हणाला. "आत कुणी असेल असं वाटलं नव्हतं." मग जरा थांबून, "खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता."

सगळ्यांचे डोळे काचेवर होते. थोरल्याने एकदा जोर लावला की झालं. त्याच्या मानेच्या शिरा टरटरून फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. काच हलली नाही. जरासुद्धा हलली नाही. वहिनीने आयुष्यात लोकांच्या तोंडून चमत्कारांच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या होत्या. तिने पाहिलेला हा एकच. पक्कड पुन्हा चालू झाली.

तेव्हा टेलर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या वेळेला तीन सूत होती."

वहिनीला आधी कळलंच नाही.

"तुमच्या घराची, दुकानाची पुढची काच. सव्वीस वर्षं झाली. मी फोडली होती. आत्या घरी येऊन मला घेऊन गेल्या. समोरून काच धरायला तुमचे हे होते." त्याने डाव्या हाताने स्वतःच्या भुवईला बोट लावलं. "ती खूण माझी आहे. त्यांनी सांगितलं नाही?"

"सायकलवरून पडले म्हणतात," वहिनी म्हणाली. सकाळी नवऱ्याला बटणं का लागत नव्हती ते तिला आता कळलं. पाठीला ऐकवलेले शब्द तिला टोचायला लागले. त्या काचेतून ती चोवीस वर्षं रस्ता बघत होती.

काच बसली. आत्यांनी भराभर पट्ट्या ठोकल्या, पुट्टी लावली, ओल्या वर्तमानपत्राने दोन्हीकडचे चार तळव्यांचे ठसे पुसून टाकले आणि उठताना "आई गं" म्हणाल्या. थोरला बाहेर गेला. परतीच्या वाटेवर कोपरा आला तेव्हा तो तिथे काठी घेऊन उभा होता. त्याने चप्पल खाली पाडली आणि टिल्लूच्या पायाशी ढकलली. "घे. वास मारतोय आमच्या गल्लीत." टिल्लूने ती घातली. दुसरा पाय अनवाणी, तसाच तो चढ चढला.

घरी येऊन वहिनीने सरळ विचारलं, "वन्सं, तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

"वय झालं गं," आत्या म्हणाल्या, आणि सुईत पहिल्याच फटक्यात दोरा ओवून टिल्लूची उसवलेली बाही शिवायला बसल्या.

त्या संध्याकाळी नवरा आला तेव्हा वहिनीने त्याच्या भुवईवरून बोट फिरवलं, आणि तो तिच्याकडे बघून ओशाळं हसला.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दगड पडले. टिल्लू त्या दिवशी कठड्यावर होता की नाही, हे वहिनीला विचारायचा धीर झाला नाही. टेलरच्या हाताला महिना सांगितला होता, दोन लागले, आणि त्या दोन महिन्यांत टेलरच्या बायकोने शेजारणींची काजं-बटणं करून घर ओढलं. टिल्लू मात्र हळूहळू दुकानात बसायला लागला. काम नाही म्हणून बसतो, असं तो म्हणायचा. आत्यांनी त्याला काच पुसायला दिली, मग धरायला, मग पट्ट्या कापायला.

तीन महिन्यांनी वरच्या दूधवाल्याची मागची झडप फुटली. कुणी फोडली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. टेलरचा धाकटा, वय सोळा. आत्यांचं मनगट सुजलं होतं. त्यांनी हिरा वहिनीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आज तू काप."

वहिनीने वही उघडली. दूधवाला, मागची, उजवी, तीस बाय चोवीस. तिने पट्टी चोवीसवर ठेवली. तिचा हात थांबला. मग तिने पट्टी जराशी पुढे सरकवली, दोन सूत, आणि चोरून नणंदेकडे पाहिलं. आत्या छताकडे बघत होत्या.

मागे टिल्लू सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापत बसला होता. दोन जोड्या कापल्या होत्या, एक मोठ्या हातांची, एक लहान. तो उठला, वाकून माप पाहिलं, आणि पट्टीच्या टोकाला एक बोट लावलं.

"आई, तीन कर," तो म्हणाला. "समोर मी धरणार आहे. आणि तो पोरगा जरा हट्टी आहे."